साडेतीन तिकिटांचा हिशेब

सकाळचा चहा झाला की कोणी पेपर चाळतं, कोणी प्राणायाम करतं, कोणी शेजाऱ्याच्या कुत्र्यावर ओरडून दिवस सुरू करतं. मृदुला आपल्या वडिलांचा घरखर्च वाचायची. एकदोन दिवसांची हौस नव्हती ही. बाबा गेल्याला पंधरा वर्षं झाली होती आणि या पंधरा वर्षांत कोल्हापुरातल्या तिच्या स्वयंपाकघरात क्वचितच एखादी सकाळ त्या वाचनाशिवाय गेली असेल.

आता घरखर्चात वाचण्यासारखं काय असतं, असं कोणी विचारेल. दूध, वाणी, लाइट बिल. पण मधुकर शिराळकरांचा घरखर्च तसा नव्हता. तासगावात त्यांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. गावात फक्त बँकेत संगणक होता त्या काळात त्यांनी पदरमोड करून एक घरी आणला, आणि आणला तर त्याचा उपयोग दिसला पाहिजे म्हणून घरचा हिशेब त्यावर मांडायला घेतला. दिवाळीच्या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत एक फाइल. त्यात ‘तपशील’ नावाचा एक रकाना होता, आणि शिराळकरांच्या मनात येईल ते त्या रकान्यात जायचं.

‘हापूस मागितला होता, पायरी आणला. कुमुदने दोन दिवस अबोला धरला. एकूण स्वस्त पडले.’

‘श्रीरंगला चप्पल. यंदाची तिसरी. हा मुलगा चपला खातो की काय.’

‘मृदुलाचा दात आपोआप पडला. डॉक्टरचे वाचले. त्याचे आइस्क्रीम.’

हे वाचताना बाबा समोर बसून बोलतायत असं तिला वाटायचं. चष्मा कपाळावर चढवलेला, तोंडात सुपारी, आणि बोलता बोलता बोटांनी उगाच मांडीवर टाइप करण्याची सवय. कधी हसू यायचं, कधी डोळे भरून यायचे. मग ती उठायची आणि दवाखान्यात जायची. ती फिजिओथेरपिस्ट होती, लोकांचे आखडलेले खांदे-गुडघे सोडवणं हे तिचं काम.

जाण्यापूर्वी बाबांनी सगळी वर्षं दोन पाट्यांवर उतरवून घेतली होती. एक मृदुलाला, एक तिच्या मोठ्या भावाला, श्रीरंगला. पाटी म्हणजे मऊ स्मृतीची चकती. त्या वेळी ती नुकतीच बाजारात आली होती आणि लोकांनी तिच्यावर अक्षरशः उड्या टाकल्या होत्या. नखाएवढ्या तुकड्यात चार पिढ्यांची कागदपत्रं मावायची आणि किंमत एका साडीइतकीही नव्हती. आणखी मजा म्हणजे तिच्याशी बोलता यायचं. ‘आईचं ऑपरेशन झालं तो महिना काढ,’ म्हटलं की पान समोर हजर.

पाटीला मृदुला तळहातावरच्या फोडासारखं जपायची. मिळाली त्याच दिवशी तिने तिला कुलूप घातलं होतं. म्हणजे वाचता येईल, पण कोणालाही, अगदी चुकूनसुद्धा, एक आकडा बदलता येणार नाही. मुलांना हात लावायची बंदी. नवरा, प्रसन्न, चेष्टेने म्हणायचा, “तुझ्या माहेरच्या पाटीकडे मी बघतसुद्धा नाही बाई, बघूनच बिघडली म्हणशील.”

एक पान तिचं विशेष लाडकं होतं. अठ्ठ्याण्णव सालचा मे महिना, गणपतीपुळ्याची सहल. ती आठ वर्षांची होती. आई कुमुद, बाबा, दादा आणि ती. शिराळकरांच्या घरात सहल ही एकदाच झाली. त्यानंतर आजोबा अंथरुणाला खिळले, मग इन्स्टिट्यूट बसलं, आणि चौघांनी मिळून कुठे जाणं राहूनच गेलं. म्हणून मन उदास असलं की ती पाटीला म्हणायची, “आम्ही चौघं गणपतीपुळ्याला गेलो होतो ना, ते पान काढ.” आणि पान यायचं. ‘एस.टी. तिकिटे साडेतीन, जाऊन येऊन, रु. ५६०.’ साडेतीनमधलं अर्धं तिकीट आपलं, हे कळून तिला दर वेळी बरं वाटायचं.

या पानावरूनच दादाशी बोलणं बंद झालं होतं.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आईचं वर्षश्राद्ध होतं, मृदुलाच्याच घरी. पंगत बसायची होती आणि श्रीरंग भाच्यांशी गप्पा मारत होता. बोलता बोलता म्हणाला, “मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर.”

मृदुला हातातलं भांडं घेऊन तशीच थांबली. “काहीतरीच काय दादा? आपण गणपतीपुळ्याला नव्हतो का गेलो?”

“तुम्ही गेला होतात. मी नव्हतो.”

“अरे, आपण चौघं गेलो होतो.”

“मृदे, आजोबांच्या पायाला प्लास्टर होतं. त्यांच्याजवळ कोणीतरी राहायला हवं होतं. मी राहिलो.”

ती इरेला पेटली. पाटी आणली, पान काढलं आणि दहा नातेवाइकांच्या देखत त्याच्यापुढे धरलं. साडेतीन तिकिटे. श्रीरंगने ते वाचलं, पुन्हा वाचलं. त्याचा चेहरा उतरला. “हे बाबांनी लिहिलेलं नाही,” तो म्हणाला. “हे तू घातलंयस.”

झालं. शब्दाने शब्द वाढला. या पाटीला कुलूप आहे, बाबांच्या हिशेबाला तू खोटं म्हणतोस, स्वतःची कीव करून घ्यायची सवयच आहे तुला, असं ती बोलत गेली. शेवटी तिने त्याला सगळ्यांसमोर खोटारडा म्हटलं. श्रीरंग आईच्या श्राद्धाचं न जेवताच उठला आणि मिरजेला निघून गेला. मिरज म्हणजे तासाभराचं अंतर, पण आठ वर्षं ते काही दोघांनी ओलांडलं नाही. मृदुलाच्या मनात मात्र कधी शंका आली नाही. पुरावा तिच्याकडे होता, तोही बाबांच्या हातचा.

यंदा दिवाळीच्या तोंडावर सूचना आली. मऊ पाट्या वाचणारी जुनी यंत्रं पाडव्यानंतर बंद होणार होती. ज्यांना जपायचं असेल त्यांनी आपलं सगळं काचेवर उतरवून घ्यावं. मृदुला दुसऱ्याच दिवशी राजारामपुरीतल्या स्फटिक केंद्रात जाऊन पोचली.

केंद्र चालवणारी तस्नीम मुजावर पस्तिशीची होती. पदार्थविज्ञानात डॉक्टरेट करून जर्मनीत चार वर्षं काढून परत आलेली, तरी बोलणं पक्कं कोल्हापुरी. तिने पाटी यंत्रात सरकवली आणि पडद्याकडे बघत राहिली. मग खुर्ची पुढे ओढली.

“ताई, काचेत घालायच्या आधी आम्ही ताळा बघतो. तुमच्या वडिलांचं काम लई चोख आहे बघा. प्रत्येक वर्षाची अखेरची शिल्लक पुढच्या वर्षाच्या पहिल्या ओळीत. चाळीस वर्षं पैन् पै जुळतीय. फक्त एक वर्ष सोडून.”

“कुठलं?”

“सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव. त्या वर्षाअखेर जी शिल्लक निघते, तिच्यापेक्षा पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला एकशेसाठ रुपये जास्त आहेत.”

“बाबांची बेरीज चुकणार नाही.”

“नाहीच चुकलेली. चूक नंतर झालीय.” तस्नीमने पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर एक नकाशा होता, फिकट रेषांचं जाळं, आणि मधे एके ठिकाणी गडद लाल डाग. “या पाटीवर सगळ्यात जास्त वापर कुठं झालाय ते हे. हे पान कशाचं आहे?”

मृदुलाला विचार करावा लागलाच नाही. “सहलीचं,” ती म्हणाली.

मग तस्नीमने तिला समजावून सांगितलं. जुन्या संगणकात प्रत्येक अक्षराला स्वतःची जागा असायची, नाट्यगृहातल्या खुर्च्यांसारखी. ‘तीन’ जिथे बसवला तिथे ‘तीन’ बसून राहायचा. मऊ स्मृतीत तशी जागाच नसते. तिच्यात कोट्यवधी बारीक सांधे असतात आणि कुठला सांधा किती घट्ट, कुठला किती सैल, यातच सगळी माहिती पसरून राहते. आपण विचारलं की पाटी उत्तर शोधून आणत नाही, दर वेळी नव्याने तयार करते. ते करताना वीज सांध्यांतून जाते आणि जाता जाता त्यांना किंचित घट्ट-सैल करते. फरक इतका सूक्ष्म, की शंभर वेळा वाचलं तरी काही होत नाही.

“आणि हजारो वेळा वाचलं तर?”

“तर रुळलेली वाट पडते. आणि ताई, तुम्ही विचारताना काय म्हणायचा?”

मृदुलाने सांगितलं. आम्ही चौघं गणपतीपुळ्याला गेलो होतो ना, ते पान काढ.

तस्नीमने पडद्यावरच्या लाल डागावर बोट ठेवलं. “तुमचा प्रश्नसुद्धा त्याच सांध्यांतून जातो. दर वेळी तुम्ही तिला ‘चौघं’ सांगितलंत. तिथं आधी काय होतं कोण जाणे, पण हळूहळू तिनं तुमचं ऐकलं. आपल्या मेंदूचं तरी वेगळं काय असतंय? आपणही प्रत्येक वेळी आठवतो तेव्हा थोडं नवं रंगवतोच की.”

“पण मी कुलूप घातलं होतं. कोणी बदलू नये म्हणून.”

“कुलूप लिहिण्याला होतं. वाचण्याला कुठं होतं?”

एकशेसाठ रुपये. मृदुला चोख हिशेब ठेवणाऱ्याची मुलगी. तेव्हा एक पूर्ण तिकीट ऐंशीचं होतं, ते पानावरच दिसत होतं. जाऊन येऊन एकशेसाठ, म्हणजे बरोबर एक माणूस. साडेतीनातून एक गेला की उरतात अडीच, आई, बाबा आणि आठ वर्षांची ती. दादा तेरा वर्षांचा होता, त्याला अर्धं तिकीट चालत नव्हतं.

तिने पाणी मागितलं. तस्नीमने दिलं आणि हळूच विचारलं, “दुसरी प्रत आहे का कुणाकडं?”

“भावाकडे. पण तो उघडतो की नाही, मला माहीत नाही.”

“नसेल उघडली तर सोनं आहे बघा ते. न वाचलेल्या पाटीला काही होत नाही. काचेचं मात्र टेन्शन नाही. लेसरनं आत सूक्ष्म भोकं पाडतो, उजेड टाकून वाचतो. उजेड कितीही पडला म्हणून काचेतलं भोक काही मोठं होत नाही. एकदा काचेत गेलं की तेच खरं, आता शंभर पिढ्या बघू देत. आणि नसेलच मिळत दुसरी, तर हीच घालू. एकशेसाठचा फरक कुणाच्या ध्यानात येणार आहे?”

घरी येताना मृदुलाच्या डोक्यात हेच शेवटचं वाक्य होतं. कोणाच्या ध्यानात येणार आहे? आपली पाटी काचेत घालायची, गप्प बसायचं. साडेतीन कायमचं साडेतीन होईल. पंधरा वर्षांच्या सकाळी जशाच्या तशा राहतील. आणि दादा कायमचा खोटारडा ठरेल, तोसुद्धा बाबांच्या शब्दांत.

खरं सांगायचं तर त्या दिवशी ती मोहात पडली होती. त्या पानातला दादा तिला खऱ्या दादापेक्षा जास्त ओळखीचा झाला होता. सहलीत तो तिच्याबरोबर होता, तिने त्याला तिथे स्वच्छ पाहिलं होतं. तो काढून टाकायचा म्हणजे लहानपणच्या त्या एकुलत्या एक आनंदाच्या दिवसातून भाऊ वजा करायचा. ती प्रसन्नशी काही बोलली नाही. चकलीची भाजणी करपवली, आणि मग गॅस बंद करून स्टुलावर बसून रडली.

शिराळकरांच्या घरात हिशेबाचा एक नियम होता, आणि देवाच्या नेमापेक्षा तो कडक होता. पाडव्याला वर्ष मिटलं की मिटलं. मिटलेल्या वर्षात हात घालायचा नाही. नंतर चूक सापडली तर ती खोडायची नाही, चालू वर्षात दुरुस्तीची नोंद करायची, शेजारी कारण लिहायचं आणि ज्याच्याशी त्या चुकीचा संबंध असेल त्याची सही घ्यायची. कारण लिहायला बाबा कोणालाच सूट द्यायचे नाहीत, स्वतःलासुद्धा नाही. ‘गेल्या वर्षी दुधाचे दोनदा लिहिले. कारण, माझे लक्ष क्रिकेटमध्ये होते,’ आणि छापून काढलेल्या त्या पानाखाली दूध घालणाऱ्या पाटलांची वळणदार सही. पाटील दर वर्षी हसत हसत यायचे, चहा घ्यायचे आणि सही ठोकून जायचे.

मृदुला स्वतःचा घरखर्च याच पद्धतीने लिहायची. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने चालू वर्षाची फाइल उघडली आणि लिहिलं.

‘दुरुस्ती. सन ९७-९८, मे महिना. एस.टी. तिकिटे साडेतीन नव्हेत, अडीच. श्रीरंग सहलीला नव्हता. तो तासगावात आजोबांजवळ राहिला होता. कारण, मला तो बरोबर हवा होता, म्हणून मी त्याला तिथे बघत राहिले. चूक माझी. पाटीची नाही, बाबांची नाही, दादाची तर नाहीच. सही हवी.’

तिने ते श्रीरंगला पाठवलं. वर ना प्रिय ना नमस्कार. आठ वर्षांनंतर काय लिहायचं ते तिला सुचलं नाही.

उत्तर आलं नाही. एक दिवस गेला, दोन गेले. दवाखान्यात एका पैलवानाचा खांदा दाबताना तिने इतका जोर लावला की तो म्हणाला, “ताई, माझं काय चुकलं?” घरी आली की ती फोन उलटा ठेवायची आणि लगेच सुलटा करून बघायची. पाटीला तिने हात लावला नव्हता. सकाळचा चहा नुसताच पिऊन व्हायचा. पाडवा जवळ येत होता, आणि दादाने त्याची पाटी फेकून दिली असेल, विकली असेल, रागाने फोडलीसुद्धा असेल, असले विचार तिच्या मनात यायला लागले.

मग धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी सकाळी चार शब्द आले. ‘सही करायला येतो. श्रीरंग.’

तो दारात उभा राहिला तेव्हा तिला आधी दिसले ते पांढरे केस. मग तो आत आला, आणि तिच्यातली डॉक्टरीण जागी झाली.

“गुडघा डावा?” तिने विचारलं.

“डावा.”

“कधीपासून?”

“फुकट दाबून देणारी बहीण बोलायची बंद झाली तेव्हापासून,” तो म्हणाला आणि चप्पल काढायला लागला.

प्रसन्नने काहीतरी आणायचं आहे असं सांगून घर सोडलं. मृदुलाने चहा ठेवला. श्रीरंगने फाइल वाचली, खिशातून चष्मा काढून पुन्हा वाचली, आणि दाखवलेल्या जागी बोटाने सही केली. अगदी शाळेतली, ‘श्री’ला मोठा फराटा असलेली.

“दादा, मी तुला सगळ्यांसमोर…”

“लिहिलंयस की. सहीपण झाली. मिटलं.”

पण मिटलं नव्हतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. श्रीरंगने चहा संपवला. मग कपाकडे बघत म्हणाला, “मला राग सहलीचा नव्हता, मृदे. आजोबांना एकटं कसं ठेवणार? बाबांनी विचारलं, मी हो म्हटलं. चार दिवस त्यांचं भांडं दिलं, चहा करून दिला, रात्री ते कण्हायला लागले की उशाशी बसलो. तेरा वर्षांचा होतो, भीती वाटायची मला. तुम्ही आलात ते उन्हात रापून, वाळूसकट. ठीक आहे. पण पुढे पुढे तुम्ही सगळे म्हणायला लागलात, आपण चौघं गेलो होतो. आधी तू, मग आईसुद्धा. मी तिथे होतोच असं तुम्ही धरलंत, म्हणजे घरी जो राहिला होता तो कोणी पाहिलाच नाही.”

मृदुलाला हे कधी सुचलं नव्हतं. प्रेमाने तिने त्याला सहलीत नेलं होतं, आणि नेता नेता तासगावच्या त्या खोलीतून पुसून टाकलं होतं. तिला फार वाईट वाटलं. श्रीरंगने शर्टाच्या खिशातून मेणकापडाची पुडी काढून टेबलावर ठेवली. पुडीवर कंपनीची चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

“उघडली नाहीस कधीच?”

“नाही.”

“पंधरा वर्षांत?”

“आधी बाबांशिवाय वाचवेना. मग भीती वाटायला लागली. उघडली आणि त्यातही साडेतीनच निघाले तर?” तो हसला, पण हसू ओठांवरच राहिलं. “मग मी स्वतःवर तरी विश्वास कसा ठेवायचा?”

दुपारी दोघं स्फटिक केंद्रात गेले. तस्नीमने चिकटपट्टी बघितली आणि म्हणाली, “असली कोरी पाटी मी या वर्षात बघितली नाही.” यंत्राला सगळं उतरवून घ्यायला अर्धा तास लागला. काचेची वडी निघाली ती हॉटेलातल्या साबणाच्या छोट्या वडीएवढी, आत काही आहे असं डोळ्यांना दिसूसुद्धा नये इतकी स्वच्छ. ताळा जुळला होता, सगळी वर्षं, पैन् पै.

“आता बिनधास्त बघा,” तस्नीम म्हणाली. “हवं तितक्यांदा. ते सहलीचं पान लावू का?”

श्रीरंगने मृदुलाकडे पाहिलं. तिने मान हलवली.

“नको. दादाने सांगितलंय ना, तो नव्हता. मला अजून कोणाला विचारायचं नाही.” तिने वडी उचलून त्याच्या हातात ठेवली. “ही तुझ्याकडे राहू दे. बाबांनी त्या चार दिवसांचं तुझ्याबद्दल काय लिहिलंय, ते तुला वाटेल तेव्हा तू एकटा वाच.”

श्रीरंगने वडी मुठीत धरली. त्याचे डोळे भरले होते. ते त्याने लपवले नाहीत.

“आणि या जुन्या पाटीचं काय करू, ताई?” तस्नीमने विचारलं. “पाडव्यानंतर तसं हिला वाचणारं यंत्रच राहणार नाही. आमच्याकडं दिलीत तर वितळवून टाकतो.”

“वितळवा,” मृदुला म्हणाली. तसं म्हणताना तिला आतून तुटल्यासारखं झालं, पण चुकीचं कागदपत्र घरात ठेवू नये, इतपत तरी ती शिराळकरांची होती.

“थांबा,” श्रीरंग म्हणाला. “पाडव्याला अजून अवकाश आहे. आज ती घरी नेतो आम्ही.”

संध्याकाळी प्रसन्न परतला तेव्हा भाऊबहीण स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते, म्हणून तो बाहेरच थांबला. टेबलावर फोडलेल्या चकलीचे तुकडे होते, आणि समोर पान लागलेलं होतं. ‘एस.टी. तिकिटे साडेतीन, जाऊन येऊन.’ श्रीरंग बराच वेळ ते पाहत होता.

“सांग,” तो म्हणाला.

“काय सांगू?”

“मी काय काय केलं तिकडे.”

मृदुला गोंधळली. “दादा, तू नव्हतास.”

“ते मला सांगतेस? सही केलीय मी त्यावर. पण तू मला तिथे इतकी वर्षं बघतेयस, मृदे. मी एकदाही नाही बघितलं. बघू दे की मला.”

तिने पदराने डोळे पुसले. पाटीवर वाट रुळते की पुसते याची आता कोणाला काळजी करायची नव्हती.

“तू खिडकीत बसला होतास,” ती म्हणाली. “मला बसूच देईनास. आणि आंबा घाटात तुला उलटी झाली, बाबांच्या पिशवीत.”

“मला?” श्रीरंग सावरून बसला. “मला नाही लागत गाडी.”

“तेव्हा लागायची. आईने लिंबू दिलं तुला. मग तू माझ्या खांद्यावर झोपलास, आणि मी खांदा हलवला नाही, तुझी झोप मोडेल म्हणून.”

“मग?”

“मग समुद्र आला.”

श्रीरंगने खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि दुखरा गुडघा सरळ केला. “हळू सांग,” तो म्हणाला. “घाई नको करूस.”